माशांचं पाणी

नागपूरला बदली झाली तेव्हा गोऱ्या साहेबाने माशांची काचेची पेटी मेहकरच्या तहसिलीतले कारकून नीळकंठराव यांना देऊन टाकली. "दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं कधीच नाही," एवढंच त्याने बजावलं.

ते काम नीळकंठरावांच्या सात वर्षांच्या यमूने अंगावर घेतलं. चैत्रात तिला ताप भरला, म्हणून तिच्या आईने, शरयूने, पाणी बदलायला पेटीत हात घातला. पेटी सावलीत होती, मासे संथ फिरत होते, पण पाणी चांगलंच कोमट लागलं. तिने चौथा हिस्सा काढून विहिरीचं गार पाणी ओतलं. तासाभरात यमूचा ताप उतरला.

चौथ्या दिवशी पाणी पुन्हा तापलं आणि यमूचं अंगही. मग हे रोजचंच झालं. वैद्यांच्या मात्रेने न हटणारा ताप एका घागरीने उतरायचा. आज तर सकाळपासून चार घागरी झाल्या होत्या.

"आई, मले लय गरम होऊन राह्यलं," यमू पुटपुटली.

"आणून राह्यले तुहे बाबा पाणी."

नीळकंठराव आले, पण घागर उंबऱ्यावर टेकवून तिथेच उभे राहिले.

"काऊन थांबले हो?"

त्यांनी घागर तिच्याकडे सरकवली. शरयूने घागरीत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

"आपल्या विहिरीचं पाणी नाही हे," ते हळूच म्हणाले. "आपल्या अन् शेजारच्या विहिरीचंही असंच तापलेलं. हे तिसऱ्या विहिरीचं आहे."