कड्यावरचा भक्त

गडावरच्या देवीच्या चैत्री उत्सवात बुवांचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. कथेतल्या भक्ताला राजाच्या शिपायांनी कड्याच्या टोकावर उभं केलं, आणि बुवांनी चिपळ्या थांबवून पाणी मागितलं. पुढ्यात बसलेल्या कोंडाबाईनं तांब्या दिला.

"हे टँकरचं दिसतंय. गडावरचं जुनं टाकं काय झालं?"

"गाळानं भरलंय, बुवा. हल्ली पाऊस येतो तो चार दिवसांत ओतून जातो. साठायला जागा कुठंय?"

बुवांनी चिपळ्या पिशवीत टाकल्या. "मग पुढची कथा टाकं उपसल्यावर. तोवर राहू दे त्याला कड्यावर."

सगळे हसले. कोंडाबाईला मात्र घास गोड लागेना. सकाळीच ती घमेलं घेऊन दारोदार फिरली. "जेवताय काय निवांत? तिकडं तो बिचारा उन्हात उभा आहे." तिच्या तोंडाला कंटाळून निम्मं गाव गड चढलं, उरलेलं लाजेनं आलं. वैशाख सरता सरता टाक्याच्या तळातल्या कोरीव पायऱ्या उघड्या पडल्या.

पुढच्या चैत्रात टाक्यात पुरुषभर पाणी होतं. ते पिऊन बुवांनी कथा पुढे नेली आणि देवानं भक्ताला अलगद झेललं. कोंडाबाईनं डोळे पुसले.

"ही कथा ठाऊक नव्हती तुम्हाला?" बुवांनी विचारलं.

"लहानपणापासून पाठ आहे. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो सुटतो होय?" बुक्का लावून घ्यायला ती वाकली आणि हळूच म्हणाली, "बालेकिल्ल्यावर आणखी एक टाकं आहे, बुवा. उद्याच्या कीर्तनात कुणाला तरी अडकवून ठेवा."