दंडावरचा ताईत

सरकारी नियमानं विलायतेला तीनच पौंड नेता यायचे आणि मागून पैसे धाडावे तर बँक कमिशन कापायची. म्हणून जानेफळच्या मंजुळाबाईंनी हातातली पाटली आटवून ते सोनं ताईतात भरलं. शिकायला निघालेल्या लेकाला, नीळकंठला, बंदरावरच्या कस्टमवाल्यांपुढे खोटं बोलता आलं नसतं. त्यामुळे, "महाराजाचा अंगारा हाये, उघडू नको," एवढंच सांगून त्यांनी तो त्याच्या दंडाला बांधला.

पुढे त्याचं पत्र आलं, "फी भरली नाही म्हणून कॉलेजातून काढून राह्यले, माय. कालपासून उपाशी आहो." मंजुळाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. धावतपळत पोस्ट गाठून त्यांनी तार केली, "ताईत उघड."


उलट टपाली उत्तर आलं, "त्याचा धागा बोटीवरच तुटला, माय. तुटला ताईत अंगावर ठेवू नये, असं तूच म्हणते ना? हात जोडून समुद्रात सोडला."