धुऱ्यावरचं नेट

शेंदूरजनाघाटला किसनराव आणि सहदेव यांच्या संत्राबागा लागून आहेत. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सहदेवच्या सिमकार्डाला बागेत रेंज येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी तो धुऱ्याजवळ झाडाआड बसतो, किसनरावच्या मोबाईलचा हॉटस्पॉट पकडतो आणि पुण्यातल्या नातीला व्हिडिओ कॉल लावतो.

"किसन्याले पासवर्ड टाकता येत नाही," तो बायकोला खुशीत सांगतो, "आपलं फुकटात काम होऊन राहिलं!"

काल नात गाणं म्हणता म्हणता स्क्रीनवर थिजली. नेट गेलं. सहदेवने चरफडत वायफाय उघडून पाहिलं. हॉटस्पॉट होता, पण त्याचं 'किसनराव' हे नाव बदललेलं होतं.



'उद्या ये सदू'