गोड कान

“बाबा, दूध उतू जातंय!” केतकी तिसऱ्यांदा ओरडली. ओट्याजवळ उभे असलेले तिचे वडील त्र्यंबकराव वळून प्रसन्न हसले. “हो गं, छान आहे आजची हवा.”

केतकीने धावत जाऊन गॅस बंद केला. बाबांच्या कानातल्या यंत्राला प्रत्येक आवाज नेटवर्कवरून, डेटाच्या छोट्या पॅकेटांमधून पोचत असे. कंपनीने ते यंत्र चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलबॅक घातले होते, म्हणजे येणारं प्रत्येक पॅकेट वाटेतच तपासून बदलणारे छोटे प्रोग्राम. पहिला फक्त गोंगाट कमी करायचा. मग दर अपडेटला नवा येत गेला. आता एक रागाचं बोलणं गाळायचा आणि दुसरा त्या जागी काहीतरी गोड भरायचा. काल ट्रकचा हॉर्नही गाळला गेला. शेजारच्या दळवींनी ओढलं म्हणून बाबा वाचले.

तक्रारीला कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं: “ग्राहक समाधानी आहेत, मॅडम.”

केतकी स्वतःच असे ड्रायव्हर लिहिणारी. तिने बाबांना कागदावर सगळं लिहून दाखवलं. त्यांनी मान हलवल्यावर लॅपटॉप जोडला आणि एकूण एक कॉलबॅक काढून टाकला.

“आता येतंय का ऐकू?” ती खेकसली.

बाबा दचकले. “माझ्याशी अशी बोलतेस तू?”

“रोज अशीच बोलते! औषधं वेळेवर घेता का तुम्ही?”

“आणि तू घरात असून दोन शब्द बोलतेस का? सदानकदा तोंड त्या लॅपटॉपात!” बाबांचा आवाज चढला.

केतकीने लॅपटॉप मिटला. किती दिवसांनी ते तिच्याच बोलण्याला उत्तर देत होते. तिने खुर्ची ओढली आणि नीट बसून भांडायला सुरुवात केली.