कोरडी भिंत

“ओल नुसती झाकू नकोस गं. कुठून येते ते आधी बघ.”

शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, तेव्हा तिच्या एका हातात ओल रोखणाऱ्या रंगाचा डबा होता आणि कडेवर कुरकुरणारं बाळ.

“बघितलंय मी.”

बघितलं होतंच. पाळण्यामागच्या भिंतीवर तिने प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून ठेवला होता. पाणी कागदाच्या बाहेरून, खोलीच्या अंगाला जमलं असतं, तर ती खोलीतलीच वाफ. पण थेंब जमले ते कागदाच्या आत, भिंतीच्या अंगाला. म्हणजे पाणी पलीकडचं. आणि पलीकडे काकूंचं न्हाणीघर.

“तुमच्या फरशीच्या सांध्यांतून झिरपतंय, काकू. कितीदा सांगायचं?”

“मुलगा आला की करून घेते म्हटलं ना. एकटीला नाही गं झेपत कामगारांच्या मागे उभं राहणं.” मग बाळाकडे बघून त्या हसल्या. “दोघांची नाकं वाहतायत तुझ्या घरात. एक याचं, एक भिंतीचं.”

एरवी तीही हसली असती. पण सकाळपासून बाळाची छाती घरघरत होती. ओल हटल्याशिवाय खोकला हटणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“पाणी तुमचं, विनोदही तुमचेच. खोकतंय ते माझं लेकरू.”

काकूंचा चेहरा उतरला. “बरं बाई. आता तोंड उघडायची नाही मी,” म्हणत त्या वळल्या. पलीकडचं दार लागलं आणि अबोला सुरू झाला.

तिने फुगलेला गिलावा पाडला, पोपडे खरवडले, पंखा लावून ठेवला आणि मग रंगाचे हात दिले. काकूंचं बोलणं तिने उडवून लावलं होतं खरं, पण ते डोक्यात घर करून बसलं. झाकलेली ओल दुसरीकडून वाट काढणार नाही ना? उठल्या उठल्या ती कोपरे चाचपायची, कपाट ओढून त्याच्या मागे हात फिरवायची.

हाताला सगळीकडे कोरडंच लागत होतं. बाळाची घरघर कमी झाली. तिचा जीव भांड्यात पडला.

“पलीकडे फारच सामसूम आहे,” नवरा म्हणाला. “बादलीचा आवाज नाही, काकूंचं गुणगुणणं नाही.”

“रुसल्यात. आवाजसुद्धा ऐकवायचा नाही असं ठरवलेलं दिसतंय.”

“जा ना एकदा.”

“मीच का? थोरल्या कोण?” म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं. “भिंत पक्की सुकू दे. याला घेऊनच जाते. याच्यापुढे रुसवा टिकायचा नाही त्यांचा.”

तिने पुन्हा प्लास्टिकचा कागद चिकटवला. काढला तेव्हा आत थेंब नव्हता, बाहेरही नव्हता. तिने बाळाचं तोंड पुसलं, धुतलेलं झबलं घातलं आणि काकूंची बेल वाजवली.

“काकू, चुकलं माझं. हवं तर माझ्याशी बोलू नका. याच्याशी तरी बोला.”

पुन्हा वाजवली. मग थाप मारली. मग नवऱ्याला हाक मारली.

दार तोडावं लागलं.

न्हाणीघर आधी दिसलं. फरशी ठणठणीत कोरडी, साबणाला भेगा पडलेल्या. नळाला फडक्याची घट्ट गाठ मारलेली, सवयीने हात जाऊ नये म्हणून मारतात तशी. आंघोळीचा पाट, तांब्या, टॉवेल, सगळं स्वयंपाकघरातल्या मोरीत हलवलेलं होतं. त्या इवल्याशा मोरीच्या उंबऱ्याशी बादली उपडी पडली होती. बादलीच्या पलीकडे काकू.

पुढे केव्हातरी खालच्या मजल्यावरची बाई भेटायला आली. तिच्याही घरी ओल होती. तिने भिंतीवरून हात फिरवला.

“काय कोरडी केलीत हो! काय लावलंत? आम्हालाही सांगा.”

तिने बाळाला कडेवर उचललं.

“तुमच्या भिंतीपलीकडे कोण राहतं?” तिने विचारलं. “आधी जाऊन बघून या. आत्ता जा.”