सशाचं शेवटचं रक्त

ते साल १९८९. त्या काळी अँटीबॉडी सहजी विकत मिळत नसे. प्रथिन सशाला टोचायचं, महिनोन्‌महिने वाट बघायची आणि मग त्याच्या रक्तातून ती काढायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंची सगळी कीर्ती अशा एका सशावर उभी होती. पेशीतून इन्सुलिन बाहेर ढकलणारं प्रथिन त्या सशाची अँटीबॉडी बरोब्बर हुडकते आणि फिल्मवर काळी पट्टी उमटते, असं सगळे सात वर्षं मानत आले होते.

दुपारी बाईंची विद्यार्थिनी डार्करूममधून ओली फिल्म घेऊन आली. बाईंनी ती खिडकीशी धरली. दोन पट्ट्या. दोन्ही सारख्याच काळ्या.

"ही दुसरी कसली?"

"ती अँटीबॉडी मी आधी आपल्या त्याच शुद्ध प्रथिनात मुरवली होती, बाई. तिची भूक तिथेच भागायला हवी होती. मग पट्टी उमटायलाच नको."

"पुन्हा कर."

"तीनदा केलंय. ती दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय."

"कुणी सांगितला होता हा उद्योग? पंधरा दिवसांवर प्रबंध आलाय तुझा!"

"परीक्षकांनी विचारलं तर, म्हणून..."

"सात वर्षांत मला नाही कुणी विचारलं."

तेवढ्यात प्राणीघर सांभाळणारे मामा दारात आले. "बाई, आपल्या सशानं, आमच्या म्हातारबांनी, खाणं सोडलंय. आज शेवटचं रक्त काढून त्याला संपवायचं म्हणाला होतात. गरज नसेल तर राहू द्या की. चार दिवस उन्हात बसेल बिचारा."

बाईंनी फिल्म विद्यार्थिनीच्या हातात परत दिली.

"मला काय विचारता, मामा? हिला विचारा. प्रबंध हिचा आहे."

मामा तिच्याकडे बघत राहिले. फिल्मवरून पाण्याचे थेंब तिच्या चपलेवर पडत होते.

"काढा, मामा," ती म्हणाली. "सगळं."

संध्याकाळपर्यंत दोनशे कुप्या भरल्या. प्रत्येकीवर प्रथिनाचं नाव तिनेच लिहिलं. अक्षर सुरेख होतं तिचं.

मामांनी त्याच वर्षी काम सोडलं. पुढे एका शाळेत घंटा द्यायचे. बाई हारतुऱ्यांसह निवृत्त झाल्या. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. विद्यार्थिनी त्यांच्याच खुर्चीवर बसली. अजूनही लांबलांबच्या प्रयोगशाळांतून विचारणा होते, ती अँटीबॉडी थोडी उरली आहे का म्हणून.

ती बर्फात नीट बांधून पाठवते.