पायरीखालचा वर्ग

दीप्तीचं वागणं हौसाबाईंना अजिबात पटत नव्हतं. सून घरात, पण घरात नाही. सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला की ताट ठेवायला जागा नाही, आणि ओट्यावर पळी जरी वाजली तरी "आई, प्लीज!" वर काळा कोट, खाली पायजमा. अशा अवतारात म्हणे कोर्ट चालतं.

"आमच्या गावचा सोंगाड्यासुद्धा पुरतं सोंग घेऊन उभा राहायचा," हौसाबाई म्हणाल्या.

दीप्ती हसली नाही. तिचा फोन वाजत होता.

हौसाबाई साता समुद्रापार, गिरावीनला लेकाकडे आल्या होत्या त्या तीन महिन्यांसाठी. तेवढ्यात साथ आली, विमानं बंद झाली आणि आता दुसरा हिवाळा लागला. लेक शैलेंद्र गॅरेजमध्ये बसून ऑफिस करायचा, नात अनुष्का खोलीत बसून शाळा. बोलायला कुणी नाही. मग सुनेच्या कामाकडे कान लावायचा. भाषा कळत नव्हती, पण कान लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

"तुझ्या आईची केस कसली गं?" त्यांनी एकदा अनुष्काला विचारलं.

"स्कूलची. लांब एका टाउनमधल्या. तिथं अ‍ॅबोरिजिनल मुलांचा क्लास वेगळा ठेवलाय, ग्राउंडच्या पलीकडे. गेटपण वेगळं."

"ती कोण मुलं?"

"इथली मूळची माणसं असतात ना, आजी, त्यांची. सगळ्यांच्या आधीपासूनची."

"म्हणजे घर ज्यांचं त्यांनाच ओसरीवर?" हौसाबाईंचं लाटणं थांबलं. "मग?"

"मग पेरेंट्स कोर्टात गेले."

त्या दिवसापासून हौसाबाई भांडी हळू घासायला लागल्या. फोनवर सारखा त्या शाळेचा प्रिन्सिपॉल असायचा, एवढं त्यांना समजलं होतं. घाबरला असेल मेला. तडजोड कर म्हणून पाया पडत असेल.

रविवारी दुपारी नवल घडलं. दीप्तीनं स्वतः चहा केला, दोन कप घेऊन आली आणि सासूच्या शेजारी बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, तुमची शाळा कशी होती?"

हौसाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पोटच्या पोरानंही नाही.

"दुसरीपर्यंत होते. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. आमच्या वस्तीतल्या पोरांना देवळात कोण घेणार? आम्ही पायरीखाली, लिंबाच्या बुडाशी."

"सावली होती म्हणजे."

"लिंब होता तर सावली असणारच की."

"मास्तरांचा आवाज यायचा तिथपर्यंत?"

"पाढ्यांचा यायचा."

"मारायचे का हो?"

"हातानं कसे मारतील, विटाळ नाही का होणार? लांबून खडा फेकायचे. नेम चांगला होता."

दीप्ती मान हलवत होती. "आणि लिहायला?"

"शिकले ना. मास्तर पाटी हातात घ्यायचे नाहीत, वरूनच बघायचे. म्हणून अक्षर हे एवढं थोरलं काढायचं. अजून माझी सही बघ, बँकेतल्या पोरी दचकतात."

"म्हणजे अक्षर चांगलंच झालं." दीप्तीनं एक घोट घेतला. "पण आई, लिहायला आलं, मुलाला इंजिनिअर केलंत. मग तिथं बसून तुमचं नुकसान असं काय झालं?"

हौसाबाईंनी कपातली साय बोटानं बाजूला केली.

"शेवटच्या तासाला मास्तर आतल्या पोरांना गोष्ट सांगायचे. हळू आवाजात. आम्हाला काही ऐकू यायचं नाही. मध्येच आतली पोरं खदखदून हसायची. ती का हसली, ते मला आजपर्यंत कळलं नाही, बघ. कसली गोष्ट असेल गं ती?"

दीप्तीनं कप खाली ठेवला. पुढं तिनं काही विचारलं नाही.

सुनावणीच्या दिवशी हौसाबाईंनी तिच्या हातावर दही-साखर घातली. "मी सांगितलेलं सगळं वापर. लाजू नको. शाळेची नाचक्की झाली पाहिजे."

दीप्तीनं खाली बघत दही चाटलं आणि लॅपटॉप उघडला.

अनुष्काला सुट्टी होती. आजी-नात ओट्यापाशी स्टुलांवर बसल्या. पडद्यावर एक म्हातारी आली. पांढरे केस, स्वेटरची गळ्यापर्यंत लावलेली बटणं.

"ही आंटी डोरीन," अनुष्का कुजबुजली. "तिची नात त्या वेगळ्या क्लासमध्ये आहे. लहानपणी हिलापण स्कूलच्या बाहेर व्हरांड्यात बसवायचे."

"अगंबाई. माझ्यासारखीच."

दीप्ती बोलायला लागली. आईला 'मम' म्हणणारी अनुष्का आजीच्या कानात सांगत गेली. "मम विचारतेय, टीचरचा आवाज यायचा का तिथं?... यायचा म्हणते."

हौसाबाईंची मान ताठ झाली. हा आपला प्रश्न.

"ऊन लागायचं का?... नाही, सावली होती. तिथं बसून लिहायला शिकलात का?... शिकले. अक्षर कसं आहे?... चांगलं आहे म्हणते."

एकेक करून सगळे आपलेच. हौसाबाईंनी पदर तोंडाशी धरला. आता शेवटचा. तो प्रश्न आला की ती म्हातारी बोलेल, आणि मग त्या जजची बोलायची छाती होणार नाही.

दीप्तीनं चष्मा काढला, काहीतरी दोन शब्द बोलली आणि मागे टेकली.

"काय म्हणाली?"

"नो फर्दर क्वेश्चन्स. आता ब्रेक. संपलं."

"संपलं कसं?" हौसाबाई उठून उभ्याच राहिल्या. "अगं दीप्ती, मोठं राहिलं की! नुकसान काय झालं ते विचार तिला! आतल्या गोष्टीचं विचार!"

दीप्तीनं झटकन आवाजाचं बटण दाबलं. पण मागे वळून पाहिलं नाही.

"आजी, ते मम कशाला विचारेल?" अनुष्का म्हणाली. "मम स्कूलची लॉयर आहे."

हौसाबाई चालत टेबलापर्यंत गेल्या आणि दह्याची रिकामी वाटी उचलली.

"मास्तरनं मला लांब बसवून मारलं, दीप्ती. तू जवळ बसवून मारलंस."